भोजलीचं नाव

जाणत्या वयापासून इतवारिनने आपल्या भोजलीचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. आमच्या छत्तीसगढात राखीच्या दुसऱ्या दिवशी पोरी टोपलीत रुजवलेली गव्हाची पिवळी रोपं तळ्यात सोडतात. त्यातल्या चार काड्या दोघींनी एकमेकींच्या कानामागे खोचल्या, की त्या जन्मभराच्या भोजली. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर नातं तुटलं, नंतर कितीही नाक घासा.

या भोजलीला तर नाव सुटल्याचा आनंदच झाला होता. दुकाळात जन्मली म्हणून आईबापांनी तिला दुकलहीन म्हटलं. काय म्हणावं असल्या आईबापांना! "विहिरीत वाकू नकोस, पाणी आटेल," असं पोरं तिला चिडवायची आणि ती घरी येऊन रडायची. सासरी ती माहेरच्या गावावरून खपरीवाली झाली, मग संतोषची आई. "मेलं एकदाचं ते नाव," असं म्हणून ती इतवारिनला टाळी द्यायची.

वीटभट्टीवर कामाला गेलेली भोजली रक्त ओकून पडली. मुकादमाने तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात टाकलं आणि पाय काढला. संतोष दूर जम्मूकडे, फोन लागेना. भट्टीवरच्या एका बाईने निरोप दिला तशी इतवारिन पदरात बेसनाच्या चार तळलेल्या ठेठऱ्या बांधून बसमध्ये बसली.

"सीताराम, भोजली," ती खाटेजवळ जाऊन म्हणाली. भोजलीने डोळे उघडले नाहीत, पण तिची बोटं घट्ट धरली.

"आलं का कोणी हिचं?" नर्स लगबगीने आली. "नाव सांगा. रक्त चढवायचंय."

"संतोषची आई लिहा, बाई."

"कार्डावरचं नाव लागतं, मावशी. त्याशिवाय वरून बाटली देत नाहीत."

"खपरीवाली म्हणतात तिला."

"थट्टा करताय का? इथे जीव चाललाय तिचा!"

बाहेर चला, तिथे सांगते, म्हणून इतवारिनने विनवलं. पण नर्सच्या हातात दुसऱ्या बाईला टोचायची सुई होती. शेवटी ती नर्सच्या कानाशी लागली आणि अगदी हळू बोलली. नात्यापेक्षा जीव मोठा, असं तिने मनाला बजावलं होतं.

नर्सला वाटलं, हाक मारून पाहावी. तिने भोजलीचा गाल थोपटला. "दुकलहीन! ए दुकलहीन! ऐकू येतंय का? या मावशीने सांगितलं हो तुझं नाव."

भोजलीने डोळे उघडले. तिने इतवारिनकडे पाहिलं. मग धरलेली तिची बोटं सोडून दिली.

"भोजली, माझा इलाज नव्हता गं. रक्त मिळायचं नाही म्हणाले," इतवारिन रडायला लागली.

"इतवारिन," भोजली म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

रक्ताची बाटली आली, पण अर्धीही चढली नाही. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं.

मढं न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, "मावशी, तुम्ही कोण हिच्या?"

आमच्याकडे भोजली मेली की सख्ख्या बहिणीसारखं सुतक धरतात, दहाव्याला तळ्यावर आंघोळ करतात. इतवारिनला ते सगळं करायचं होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"मग जरा बाजूला व्हा."

ती बाजूला झाली.