सामायिक सामान

सायकलवर तंबू बांधून फिरायला गेलेल्यांचे फोटो सगळेच टाकतात. सामान बांधताना काय काय झालं, ते मात्र कुणी टाकत नाही. आमच्याकडं मंचरला असे किस्से इतके साठलेत की चहाच्या टपरीवर बसलं की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, तो पेंडीचा सांग!" लोक हसतात. मीही हसतो, पण आतून जळत असतं. कारण बहुतेक किस्से माझ्याच सायकलवर घडलेले आहेत.

आम्ही चौघं, शाळेपासूनचे. बाळासाहेब कांद्या-बटाट्याचा आडत्या, नितीनचं मेडिकल, तिसरे हायस्कूलला भूगोल शिकवतात म्हणून आम्ही त्यांना सरच म्हणतो, आणि माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. हॉटेलात राहायचं नाही, स्वयंपाक आपला आपण करायचा, सगळं स्वस्तात बसवायचं, ही आमची रीत. हे तिघं सोडले तर मला गप्पा मारायला दुसरं माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही विचाराल, "मग जातोस कशाला त्यांच्याबरोबर?"

*

निघायच्या आदल्या दिवशी बाळासाहेबच्या गाळ्यावर जमायचं. कांद्याच्या गोण्या ज्या काट्यावर चढतात, त्याच काट्यावर आमच्या बॅगा! चौघांचं वजन सारखं भरलं पाहिजे, हा सरांचा कायदा. आधी ज्याचं त्याचं सामान मोजायचं. मग तंबू, पातेलं, स्टोव्ह, पंप, हे सामायिक सामान ज्याची बॅग हलकी त्याला द्यायचं. ऐकायला किती न्यायाचं वाटतं!

पहिल्या टूरला मी शहाण्यासारखं नेमकं तेवढंच आणलं. एक जोडी कपडे, टॉवेल, चादर, बॅटरी. बाळासाहेबनं उशी आणली, नितीननं फोल्डिंगची खुर्ची, सरांनी इस्त्री केलेले शर्ट आणि जाडजूड पुस्तकं. झालं! सगळं सामायिक माझ्याकडं आलं.

मी म्हटलं, "अरे, उशी काढ की ती!"

बाळासाहेब गंभीर होऊन म्हणाला, "उशी पर्सनल हाय राव. एकमेकाच्या पर्सनलमधी पडायचं न्हाई!"

पुढच्या खेपेला मीही इरेला पेटलो. घरातली सगळ्यात जड घोंगडी बॅगेत कोंबली. म्हटलं, आता बघू कुणाची बॅग हलकी भरते! सरांनी घोंगडी उलगडून पाहिली आणि खूश झाले.

"वा! ही तर चौघांना पुरेल. सामायिकमध्ये धरा."

ती सामायिक झाल्यावर माझी बॅग पुन्हा हलकी! तंबू, पातेलं, स्टोव्ह, पंप आणि घोंगडी, सगळं घेऊन मी निघालो.

*

बॅगा म्हणजे काय, तर सरकी पेंडीच्या रिकाम्या गोण्या टेलरकडून शिवून घेतलेल्या. वॉटरप्रूफ बॅग घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण स्वस्तात बसवायची हौस! गोणीवरचं गाईचं चित्र तसंच ठेवलेलं.

शिनोलीत चहाला थांबलो. एक म्हातारबा उठून आला आणि गोणी चाचपायला लागला.

"पेंड इकताय का पावणं?"

"नाही हो बाबा, आमचं सामान आहे. सायकलवर फिरायला निघालोय," सर म्हणाले.

म्हाताऱ्यानं चारही सायकली बघितल्या. माझ्या सायकलपाशी येऊन थांबला. तंबू, घोंगडी, वर उपडं बांधलेलं पातेलं, सगळं शांतपणे न्याहाळलं.

"फिरा की! पण ह्यांना तरी थोडी पेंड चारा. लई लादलंय!"

तिघंही पोट धरून हसले. हे मला अजूनही लागतं. एकालाही त्यातून काही कळलं नाही.

*

एकदा मात्र मी भांडलो. सरळ सांगितलं, तंबू एकटा नेणार नाही. मग बाळासाहेबनं तोडगा काढला. तंबूचं कापड माझ्याकडं, खुंट्या नितीनकडं, काठ्या बाळासाहेबकडं. मला वाटलं, सुधारली मंडळी!

घोडेगावात बाळासाहेबला घरून फोन आला. मुलीला बघायला अचानक पाहुणे आले होते. तो तिथूनच माघारी फिरला. आम्ही डिंभे धरणाच्या काठाला पोचलो, जागा साफ केली, कापड पसरलं आणि एकमेकांची तोंडं बघत बसलो. नितीननं फोन लावला.

पलीकडून बाळासाहेब म्हणाला, "व्हय राव, काठ्या माझ्याकडंच ऱ्हायल्या. पर काळजी करू नका, एकदम सेफ हायेत!"

मुक्काम देवळात केला. परत आल्यावर ठराव पास झाला की तंबू तुकड्यांत न्यायचा नाही, एकाच सायकलवर ठेवायचा. कुणाच्या, ते विचारायचीही गरज पडली नाही!

*

नितीननं एकदा भलामोठा औषधांचा डबा आणला. औषधं सगळ्यांसाठी, म्हणजे सामायिक, म्हणजे माझ्याकडं. डिंभ्याच्या पुढं चढाला माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्यातच बसलो. नितीननं डबा उघडला. खोकल्याची बाटली, लहान मुलांचे ड्रॉप्स, कसलीतरी मलमं.

"अरे, पायाला लावायचं काही?"

"ते चालू आयटम हाय भाऊ, ते दुकानात लागतं. हे समदं एक्स्पायरीला आलेलं. म्हनलं, टाकून द्यायच्या आधी कुनाच्या तरी उपेगी पडंल!"

म्हणजे त्याच्या दुकानातला कचरा मी घाटावर चढवत होतो!

*

आहुप्याच्या चढाला ते तिघं नेहमीच पुढं. मी बराच मागं राहिलो होतो. शेवटच्या वळणावर वर बघितलं तर तिघंही उभे राहून माझी वाट बघत होते. मला पाहताच नितीन ओरडला, "आला, आला! भाऊ आला!" टाळ्या वाजल्या. खरं सांगतो, उरलेला चढ मी उभं राहून पायडल मारत काढला. म्हटलं, आहे, या माणसांना माझी किंमत आहे!

मी पाय टेकवायच्या आत बाळासाहेबनं दोऱ्या सोडून स्टोव्ह काढून घेतला.

"कवाचे थांबलोय, चहा न्हाई काय न्हाई!"

शेजारी भातखाचराच्या बांधावर एक बाई गवत कापत होती. तीच म्हणाली, "तुमी बसा आधी दादा. पाणी प्या." तांब्या तिनंच आणून दिला.

त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात बसला. यांना मी हवा आहे, की माझ्या सायकलवरचं सामान? एवढं कळलं असतं तरी बास होतं. पण विचारायचं कुणाला?

*

यंदा जुन्नरहून नाणेघाटाला जायचं ठरलं आणि माझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "मोकळी सायकल चालवा, व्यायामच होईल. पण ओझं अजिबात न्यायचं नाही." मी ग्रुपवर तसं कळवलं. दोन दिवस कुणाचं उत्तर नाही. म्हटलं, संपलं!

आणि निघायच्या दिवशी सकाळी तिघंही दारात हजर! बाळासाहेबनं तर मला मिठीच मारली.

"भाऊ, ह्या खेपेला तू कशालाच हात लावायचा न्हाई. समदं सामान आमी नेतो!"

सर म्हणाले, "इतकी वर्षं तूच नेलंस, तुझ्याच घरात ठेवलंस. आता आमची पाळी."

मी तिघांना अंगणात बसवलं. बायकोला म्हटलं, "चहा टाक, साखर जरा जास्त घाल!" आणि डोळे पुसायला आत पळालो. सायकलची चड्डी चढवली, गुडघ्याला पट्टा बांधला, शिट्टी वाजवत बूट घातले. हेल्मेट घालूनच बाहेर आलो.

अंगणात कुणीच नव्हतं. चहाचे कप रिकामे. तंबू नाही, पातेलं नाही, स्टोव्ह नाही, पंप नाही, घोंगडी नाही. माझी सायकल तेवढी भिंतीला टेकून उभी होती, तीही मागून बोडकी. कॅरियर खोलून नेलेलं!

बायको कप गोळा करत होती.

"गेली ती मानसं. म्हनली, भाऊला आराम करू द्या."

"आणि कॅरियर?"

"त्याचे नट काय त्यांना सुटंनात. कवाची झटत व्हती बिचारी. मंग पाना मीच दिला."