इटली आणि शिल्लक रजा

न्यूझीलंडमधल्या प्रत्येक देशी घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात, तसे आमच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि झाकण उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही!

हे सगळे किस्से एकाच सहलीचे. जुन्या इमारती जपायचं शिक्षण घेऊन मी इटलीहून ऑकलंडला परतले, तेव्हा माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. मी फोटो दाखवणार. समुद्रकिनाऱ्यावरचं शेकडो वर्षांचं गाव, कड्याला चिकटलेली पिवळी-गुलाबी घरं, गाड्यांना बंदी, नुसत्या पायऱ्या आणि खाली बोटींचा धक्का. मंडळी फोटो बघून उठणार आणि म्हणणार, "चला!" मोटरवे आणि मॉल यांच्यापलीकडेही जगता येतं, हे त्यांना एकदा तरी दिसायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आणि मुख्य म्हणजे मला आईला त्या धक्क्यावर नेऊन बसवायचं होतं. इतक्या वर्षांत आईचा विमानप्रवास म्हणजे पुण्याला आजीकडे आणि परत. समुद्राकडे बघत, हातात काही काम नसताना बसलेली आई मी कधी पाहिलीच नव्हती.

प्रत्यक्षात काय झालं? पापाटोएटोच्या आमच्या घरात फोटो संपले, दिवे लागले आणि पहिला प्रश्न आला, "तिथून हॉस्पिटल किती लांब आहे गं?"

*

आमचा ग्रुप म्हणजे ऑकलंडमधलीच तीन घरं. आम्ही, फ्लॅट बुशचे गोखले काका-काकू आणि न्यू लिनचे गायकवाड काका-काकू.

गोखले काका आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. तारखा ठरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पुढच्याच रविवारी लॅपटॉप उघडून जाहीर केलं, "जानेवारी! सगळ्या रिस्क विचारात घेऊन सांगतोय. मस्त ऊन, मुलांना सुट्टी."

"काका, जानेवारीत इथे उन्हाळा, तिथे कडाक्याची थंडी असते. अर्ध्या खाणावळी बंद असतात. जुलै चांगला."

"जुलै?" काका दचकले. "जुलैत कोण समुद्रावर जातं? हीटर लावल्याशिवाय झोप येत नाही जुलैत!"

नंदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शांतपणे विचारलं, "अहो, पुण्यात असताना जानेवारीत मफलर गुंडाळून हिंडायचात ना?"

काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "तो जानेवारी वेगळा होता."

शेवटी सप्टेंबर ठरला. त्याही महिन्याबद्दल काकांच्या मनात शंका आहे.

*

गायकवाड काका स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारती भूकंपात टिकतील की नाही ते बघणं हे त्यांचं काम. आम्ही गावात राहणार होतो नोन्नाकडे. शिकत असताना मी ज्या बाईंच्या घरात भाड्याने राहायचे, त्यांना सगळं गाव नोन्ना म्हणतं, म्हणजे आजी. तिच्या घराचा फोटो मी मोठ्या अभिमानाने काकांसमोर धरला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "भिंत कशाची?"

"दगडाची. पाचशे वर्षं उभी आहे, काका!"

"आत लोखंड?"

"काका, तेव्हा..."

"म्हणजे नाही." त्यांनी फोटो उलटा ठेवला. "पाचशे वर्षं उभी आहे, म्हणजे पडायला आली आहे."

मग त्यांनी एकेक खोली तपासली. वरच्या सगळ्या नापास! पास झाली एकच. अगदी खाली, धक्क्याला लागून, खडकातच कोरलेली. बोटीतून उतरलं की दार, एकही पायरी नाही. पूर्वी तिथे मासेमारीची जाळी ठेवायचे.

"ही सेफ आहे," काका म्हणाले.

"वास?" नंदाकाकूंनी विचारलं.

"थोडा येतो," मी कबूल केलं.

"म्हणजे जगाच्या त्या टोकाला जाऊन मी मासळीबाजारात झोपू?"

जाळ्यांची खोली बाद झाली. काका मात्र अजून म्हणतात, "झोपायचंच असेल तर त्या खोलीत. बाकी ठिकाणी नुसतं जागं राहायचं!"

*

जेवणाचं खातं नंदाकाकूंकडे. त्यांनी ट्रायल पॅकिंग केलं आणि आम्हाला बघायला बोलावलं. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, भडंग, लसणाची चटणी आणि साबुदाणा. कपड्यांची बॅग दिसेना.

त्यांची मुलगी मिहिका इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. ती म्हणाली, "मम, इट्स इटली. दे हॅव फूड."

"असेल. पण एकादशीला?"

इथल्या एअरपोर्टवर मधाच्या बाटलीवरूनसुद्धा चौकशी होते, त्यामुळे काकूंना सगळं आधीच सांगून टाकायची सवय. "तिकडे डिक्लेअर कुठे करायचं?" त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "कुणी विचारलंच नाही तर? मग तर जास्तच भीती वाटते गं!"

तेवढ्यात बॅगेच्या तळातून कुकर निघाला.

माझे बाबा पुढे झाले. ते म्हणाले, "वहिनी, कुकर नको. धक्क्यावरचं गाव आहे. तुमची शिट्टी झाली की बोट सुटली असं समजून लोक धावत येतील."

काकूंनी कुकर बाहेर काढला. शिट्टी मात्र पर्समध्ये ठेवली. का, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही!

*

पायऱ्यांची सवय हवी म्हणून मी सगळ्यांना शनिवारी सकाळी घराजवळच्या जुन्या ज्वालामुखीच्या टेकडीवर न्यायला लागले. पहिल्या दिवशी गोखले काका जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आले आणि गायकवाड काका बूट, काठी, शिट्टी आणि फर्स्ट एडची पेटी घेऊन. वाटेत भेटणारे लोक माओरीत "किया ओरा" म्हणून नमस्कार करायचे. धाप लागल्यामुळे आमच्यातलं कुणीच उत्तर देऊ शकायचं नाही.

आई सगळ्यांच्या आधी वर पोचली. गुडघ्याची तक्रार नाही, काही नाही. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आता आईला कुणी अडवू शकत नाही. माथ्यावरून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसत होता.

आईने कुठल्याच समुद्राकडे बघितलं नाही, पर्समधून मोबाइल काढला आणि तो डोक्यावर धरून गोल फिरली.

"इथे रेंज आहे," ती म्हणाली. "रेवा, तुझ्या त्या गावात येते का गं?"

*

सगळं ठरलं, पण रजेचा अर्ज कुणी टाकेना. मी रोज विचारायचे. आज टाकतो, उद्या टाकतो. मला वाटलं, ऑफिसात रजा मिळत नसेल.

मग एकदा बाबांचा बॉस आमच्याकडे चहाला आला. मी सरळ त्यालाच विचारलं. तो हसून म्हणाला, "रजा? तुझ्या बाबांकडे हीप्स आहे, ढिगांनी! मीच मागे लागलोय, घे म्हणून. सप्टेंबर? काही हरकत नाही, स्वीट अ‍ॅज!"

तो गेल्यावर मी बाबांकडे बघितलं. बाबा बशी पुसत होते. पुसलेलीच.

"ती रजा वेगळी आहे, रेवा."

"वेगळी म्हणजे?"

उत्तर आईने दिलं. "आजी थकली आहे. कधी फोन येईल सांगता येत नाही. तेव्हा लगेच निघायला रजा नको का?"

मी दोन्ही काकांना फोन केला. गोखले काकांचे वडील नाशिकला. गायकवाड काकांची आई नागपूरला. तिन्ही घरांत भरपूर रजा होती, आणि तिन्ही घरांत ती एकाच फोनसाठी राखून ठेवलेली होती.

हॉस्पिटल, भिंती, साबुदाणा, रेंज. त्या दिवसानंतर मला यातल्या कशावरच हसू येईना.

*

शेवटची मीटिंग आमच्या घरी, रविवारी सकाळी. सहल रद्द करायची का, एवढाच विषय. गोखले काकांनी लॅपटॉप उघडलासुद्धा नव्हता.

अकरा वाजता लँडलाइन वाजला.

आता हे आमच्यातल्या माणसालाच कळेल. भारतात फोन आम्ही करतो, कार्ड खरवडून, शनिवारी संध्याकाळी. भारतातून फोन येत नाही. आणि इकडे अकरा म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार. खोलीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात हे गणित केलं, ते मला चेहऱ्यांवर दिसलं. फोन वाजत राहिला. आई जागची हलेना. शेवटी बाबांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"मंगल आहे का?" आजीचा आवाज! खणखणीत.

"आई! काय झालं? बरी आहेस ना?" आई फोनकडे धावली.

"मला काय धाड भरलीय? काल तू म्हणालीस, सगळी रजा तुझ्यासाठी राखून ठेवलीय. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही."

"अगं, त्यात काय एवढं..."

"म्हणजे मी आहे तोवर तुम्ही कुणी कुठे जायचं नाही, आणि मी गेले की सगळ्यांनी विमानात बसायचं! मी गेल्यावर येऊन मला भेटणार कशी तू?"

गायकवाड काका छताकडे बघत होते. तिथे एकही तडा नव्हता.

"हॅलो? कार्ड संपलं का तुमचं?"

"नाही आई," आईने डोळे पुसले. "फोन तू केलायस."

"हो का? मग ऐक. ते तुमचं गाव. तिथे बोटीतून उतरावं लागतं ना? माझ्या लहानपणी हर्णैला तसंच होतं. ती बोट फार हलते का?"

"मला काय माहीत? तू कशाला विचारतेस?"

"सहज," आजी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोन्नाला फोन केला, आणि तिची ती एकही पायरी नसलेली जाळ्यांची खोली मागून घेतली.