भागूबाईचं लांबलेलं आमेन

आमच्या छावणीतल्या गल्लीत भागूबाईच्या प्रार्थनेला न भ्यायलेला एक तरी माणूस दाखवा, मी त्याला चहा पाजते. माझा तर उभा जन्म तिच्या शेजारात गेला. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेची बैठक असायची. सतरंजीवर सगळे डोळे मिटून बसले की भागूबाई सुरू. सुरुवात एकदम पुस्तकी: "हे दयाळू स्वर्गीय बापा, आम्ही पापी लेकरं तुझे उपकार मानतो." आणि दुसऱ्याच दमात, "अन् प्रभू, त्या पुंजारामाला जरा अक्कल दे, त्याची शेळी माझी मेथी खाऊन गेली."

बिचारा पुंजाराम तिथंच, डोळे मिटून! बोलतो काय? दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना मधी तोंड घालायचं नाय, ही आमची रीत. तिचं आमेन येईपर्यंत मुकाट्यानं ऐकायचं. मला तर तिनं देवाच्या कानावर घालून घालून पार बदनाम केलं होतं. माझी आमटी पाणचट असते, हे स्वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे.

एका रविवारी नव्या पाळकसाहेबांनी चर्चमध्ये बायबलातल्या दहा आज्ञांपैकी तिसरीवर उपदेश केला. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको, ती आज्ञा. ते म्हणाले, "ऊठसूट देवाशपथ म्हणणं वाईटच. पण त्याहून वाईट म्हणजे आपल्या मनातली गोष्ट देवाच्या नावावर खपवणं. 'देवानं मला सांगितलं' म्हणायचं आणि दुसऱ्याला वाकवायचं. नाव त्याचं, मर्जी आपली!"

भागूबाईनं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं आणि कोतवालासारखी गल्लीत हिंडायला लागली. भाजीवाला म्हणाला, "अल्ला कसम अम्मा, भेंडी आजकीच है," तर ही म्हणते, "कसम कशाला घेतो? मोडून दाखव!" माझा हात तव्याला भाजला, मी "अगं देवा!" म्हणून ओरडले, तर भिंतीपलीकडून आवाज, "व्यर्थ घेतलंस गं!" असा संताप आला मला. भाजलं माझं, अन् व्यर्थ कसलं डोंबल?

तर या भागूबाईचा धाकटा भाऊ कडूबा. टांगा हाकायचा. त्याची बायको वारून लई वर्षं झालेली, भागूबाईचाही नवरा गेलेला. बहीणभाऊ एकत्र राहायचे. आक्का वाढायची, हा खायचा. आणि पन्नाशीच्या या घोड्याला सिल्लोडची साळूबाई आवडली! तीही एकटीच, कोंबड्या पाळायची. येत्या रविवारी पाळकसाहेब चर्चमध्ये लग्न जाहीर करणार होते. पण कडूबानं सांगून ठेवलेलं, "आक्काचं मन नसंल तर मी नाय करणार." गरीब गाय नुसती.

त्या शुक्रवारची बैठक भागूबाईकडंच होती. साळूबाईही आली होती, पाळकसाहेबही होते. भागूबाईनं डोळे मिटले. "हे दयाळू स्वर्गीय बापा, आज पहाटं तू मला स्पष्ट सांगितलंस, की कडूबानं लग्न करू नये. तुझी इच्छा पूर्ण होवो."

आणि आमेन म्हणेना! आमेन नाय, तोवर कुणाला तोंड उघडता येईना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक डोळा किलकिला करून बघितलं, तर साळूबाईनं तोंडात पदराचा बोळा धरलेला, पाळकसाहेबांचे कान लालबुंद झालेले.

मग चक्क कडूबा बोलला, डोळे मिटूनच. जन्मात कधी मोठ्यानं प्रार्थना न केलेला माणूस. "प्रभू, मी कडूबा. टांगेवाला. तू आक्काशी बोललास, बरं झालं. पण लग्न माझं हाय, मला का नाय सांगितलंस? मी तर दिवसभर टांगा अड्ड्यावर रिकामाच असतो. तूच म्हणला असशील तर साळूबाईला मी आत्ता सिल्लोडच्या यष्टीत बसवतो. फक्त आक्कानं तुझं नाव घेऊन एकदा परत सांगावं."

भागूबाई खाकरली. "हे दयाळू..." अडकली. "हे स्वर्गीय..." परत अडकली. मग ती सगळी पुस्तकी भाषा कुठल्या कुठं गेली.

"देवा, तू काय नाय म्हणलास. मीच म्हणले. हा तिच्या हातचं जेवाया लागला, तर मी कुणाला वाढू? एकटीला घास उतरत नाय रे मला."

मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू. स्वर्गात माझी आमटी काढणारी बाई पोरीसारखी हुंदके देत होती.

तेवढ्यात साळूबाईनं तोंडातला बोळा काढला. "प्रभू, आक्कांना सांग, सिल्लोडला मी रोज कोंबड्यांशी बोलत जेवते. मी तिसरं ताट मांडायला येतेय, कुणाचं उचलायला नाय."

भागूबाईनं डोळे उघडले, नाक पुसलं आणि साळूबाईकडं रोखून बघितलं. "भाकरी मीच थापणार," ती म्हणाली.

"थापा की आक्का," साळूबाई म्हणाली, "पण मग जेवायला माझ्या शेजारी बसा."