सकिमिन म्बाहांचा नंबर

वोनोसोबो शहरातून येणारी बस जिथे वळण घेते, तिथेच आमचा मोटरसायकलवाल्यांचा नाका. वरच्या सिगेमुल गावाला दुपारपर्यंत एक छोटी गाडी जाते, तीही ड्रायव्हरच्या मर्जीवर. त्यानंतर वर जायचं तर स्वतःची मोटरसायकल हवी, नाहीतर आमच्यापैकी कुणाच्या तरी मागे बसायचं. फोनवरून बोलावतात त्या मोटरसायकली शहरातल्या. इकडे फोनला रेंजच नाही, आणि असती तरी तार्योनोने त्यांना इथे उभं राहू दिलं नसतं.

तार्योनो म्हणजे नाक्याचा मुकादम. वय पंचेचाळीस, अंगाने काटक, बोलायला कमी. तरुणपणी भाजीच्या ट्रकवर क्लीनर होता. ते काम सुटलं तेव्हा भावाची जुनी मोटरसायकल घेऊन तो नाक्यावर आला, पण इथले लोक त्याला उभं करून घेईनात. सकिमिन तेव्हा नाक्यावरचे सगळ्यात तयार गडी. त्यांनी पोराला आठवडाभर आपल्या मागे बसवलं, घाटातलं एकेक वळण दाखवलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आज माझ्या जागी याला उभं राहू द्या, मी उद्या येईन. ते उपकार तार्योनो विसरला नाही. विसरायला हवे होते, असं मी आता म्हणतो.

पुढे मुकादम झाल्यावर त्याने नाक्याला शिस्त लावली. त्याआधी बस थांबली की आम्ही उतारूंवर तुटून पडायचो. बॅगा ओढायच्या, एकमेकांचे शर्ट फाडायचे. तार्योनोने एक फळी ठोकली, तिच्यावर खिळे, खिळ्यांना प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा तुकडा. ज्याचा पत्रा वर, येणारा माणूस त्याचा; फेरी झाली की पत्रा सगळ्यात खाली. बसणाऱ्याची आवडनिवड विचारायची नाही. सख्खी बायको आली तरी नंबर मोडायचा नाही. वीस वर्षांत त्याने स्वतःसाठीही तो मोडला नव्हता. फक्त सकाळी फळी लावताना सकिमिनांचा पत्रा तो सगळ्यात वर अडकवायचा. त्यांचा मान म्हणून. त्याला कुणाची हरकत नव्हती.

सकिमिन आता बहात्तरचे. सगळा नाका त्यांना म्बाह म्हणजे आजोबा म्हणतो. गेल्या वर्षीच्या बटाट्याच्या काढणीपासून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. एकदा नाक्यासमोरच्या शेताच्या कडेच्या बुजगावण्यापाशी गाडी थांबवून त्यांनी विचारलं, "वर येणार का?" आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. हसलं कुणी नाही, बोललंही कुणी नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'तुम्हाला आता जमत नाही' म्हणणं हे त्याच्या थोबाडीत देण्यापेक्षा वाईट. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. आग लागो असल्या भिडेला.

तार्योनो रोज ठरवायचा, आज सांगू. कधी म्हणायचा, म्बाह, आता नातवंडांत रमा की. म्हातारा हसून म्हणायचा, नातवंडं शाळेत जातात. दुसऱ्या दिवशी पत्रा पुन्हा वरच्या खिळ्यावर.

एका शनिवारी दुपारी तार्योनोची मुलगी विनार्सिह बसमधून उतरली. ती खाली शहरात बालवाडीत शिकवते आणि दर शनिवारी घरी येते. डोंगर धुक्यात बुडाला होता. फळीवर पहिले म्बाह, दुसरा दार्सोनो, तिसरा स्वतः तार्योनो. लेक म्हाताऱ्याच्या मागे बसणार होती. दार्सोनोने हळूच तार्योनोकडे पाहिलं, म्हणजे त्याच्याही मनात तीच भीती होती. मुकादमाने एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. तो म्हणाला काय, तर "म्बाह, धुकं फार आहे, चहा घेऊन जा." म्हातारा म्हणाला, चहा आल्यावर घेऊ. विनार्सिहने एकदा बापाकडे पाहिलं, बॅग पोटाशी धरली आणि मागे बसली.

गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तार्योनो कान देऊन उभा राहिला. वर जाऊन यायला पाऊण तास लागतो. पाऊण तास झाला, तास झाला. तेवढ्यात दुसऱ्या बसचे दोन उतारू आले, दार्सोनो एकाला घेऊन गेला. पुढचा नंबर तार्योनोचा होता. दुसऱ्या उतारूला तिथेच उभं करून तो एकटाच वर सुटला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पाळी सोडली.

चहाच्या मळ्याच्या वळणावर मोटरसायकल चरीत पडलेली होती. मळ्यातल्या बायकांनी दोघांना भाज्यांच्या ट्रकमध्ये घालून वरच्या गावच्या दवाखान्यात नेलं होतं. म्बाहांच्या कपाळाला सात टाके पडले. विनार्सिहचा गुडघा फुटला होता. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पाय पूर्वीसारखा दुमडणार नाही. बालवाडीच्या पोरांबरोबर तिला दिवसभर जमिनीवर बसावं लागतं, हे बापाला सांगायची गरज नव्हती.

दोन खाटा शेजारीशेजारी होत्या. तार्योनो मधल्या स्टुलावर बसला. म्हातारा बोलला.

"तुला माहीत होतं ना, योनो?"

तार्योनोने मान हलवली. म्बाहांना ते दिसणार नाही, हे मागाहून त्याच्या लक्षात आलं. "हो," तो म्हणाला.

"मी वाट बघत होतो रे, तू सांगशील म्हणून. रोज सकाळी तू माझा पत्रा वर लावायचास. एवढा मान देणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू, की मला दिसत नाही?"

पलीकडून विनार्सिह म्हणाली, "मलाही माहीत होतं, बाबा. त्यांच्या मागे बसले की वळणं मीच सांगायचे. आज धुक्यात मलाच दिसलं नाही."

"मग बसलीस कशाला?" त्याचा आवाज चढला.

"चारचौघांत तुमच्या नंबरला नाही म्हणू? तुमचं काय राहिलं असतं?"

तार्योनो म्हाताऱ्याच्या खाटेकडे वळला.

"म्बाह, उद्यापासून गाडी चालवू नका. तुम्हाला दिसत नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला.

एवढंच. वर्षभर जे घशात अडकलं होतं, ते एका दमात बाहेर पडलं, आणि म्हाताऱ्याने ते ऐकूनही घेतलं. तार्योनो उठून लेकीच्या खाटेशी गेला आणि तिच्या प्लास्टर घातलेल्या पायाशी बसून सगळ्यांसमोर रडला.