आत काय भरलं?

खुर्ची असो, एस.टी.चं बाक असो की लग्नातला लोड, त्यावर बसण्याआधी चाचा उजव्या हाताचा तळवा ठेवून जोरात दाबायचे. मग मान तिरकी करून विचारायचे, "वरून तर ठीक आहे. आत काय भरलं?"

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा सोफ्यावरही त्यांनी तळवा ठेवला. म्हणाले, "बाई, आत नारळाच्या शेंड्या हाये. अन् त्याबी मेल्या." सोफा माझ्या माहेरचा होता. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

चाचांचं दुकान यवतमाळात आमच्या घरासमोरच. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या. पिंजायचं यंत्र सुरू झालं की गल्लीत पांढरे तंतू उडत, आणि संध्याकाळी चाचांच्या भुवया माझ्या आजच्या भुवयांसारख्या दिसत. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. मीही तेच म्हणते, नाव सांगत नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. चाचांच्या मुलाने फोमच्या गाद्या आणायचं ठरवलं होतं. यंत्र विकायचं, तिथे शोकेस लावायचं. चाचा नाही म्हणत होते. शेवटी तोड निघाली ती माझ्यामुळे.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि अक्कल अजून वाटेत होती. नुकताच तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी लावलं होतं. पाहुण्याची नजर आधी त्यावर पडावी, मग देवावर. बाजारातून आणलेल्या एका पुस्तिकेत लिहिलं होतं की इंटरनेटवर धंदा वाढवायचा तर लेख लिहा, लोकांना प्रश्न विचारा, गिऱ्हाईक आपोआप येतं. मी चाचांच्या मुलाला छाती पुढे काढून सांगितलं, "होळीपर्यंत नेटवरून बारा गिऱ्हाइकं आणून दाखवते."

तो हसला. "ठीक आहे काकू. बारा आले तर यंत्र राहीन. नाही आले तर जाईन."

मी कामाला लागले. 'कापूस आणि आपली पाठ', 'शांत झोपेचे नऊ मार्ग' असे लेख पाडले. नऊपैकी सात मी स्वतः कधी करून पाहिले नव्हते. चाचा स्टुलावर बसून ऐकत.

"यातलं खरं किती?"

"लेख आहे, चाचा."

"असं," म्हणत आणि रुईचा पुंजका बोटांनी उकलत राहत.

मग सर्वेक्षण. तुम्ही कशावर झोपता? सकाळी पाठ दुखते का? कापसाची गादी भरून घ्यायला आवडेल का? खाली नाव आणि गाव. महिनाभरात दोन उत्तरं आली. एक नागपूरच्या माझ्या बहिणीचं, तेही मी फोन करकरून भरायला लावलेलं. दुसरं महागावकडच्या कोणा माणसाचं: "घरात आढ्यापर्यंत कापूस भरला आहे. भाव येईपर्यंत आम्ही त्याच्यावरच झोपतो. अंगाला खाज सुटते."

आता सांगा, घरभर कापूस असलेल्या जिल्ह्यात कापसाची गादी विकायला निघालेली शहाणी मीच! पण हसू आलं नाही. मी चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला पुंजका खाली ठेवला. मग म्हणाले, "त्याले लिहा. अंगाले खोबरेल तेल लावून झोप म्हणा."

होळी जवळ आली तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. एका दुपारी बसले आणि अकरा फॉर्म मीच भरून टाकले. अकरा नावं, अकरा गावं; बहीण धरून बारा. त्यातली सुशीलाबाई मला विशेष साधली होती. पांढरकवडा, बसस्टँडच्या मागे, पाठ इतकी दुखते की कूस बदलता येत नाही. त्या वेळची मी आज भेटले तर मीच माझा कान पिळीन.

मला वाटलं, नावांची यादी कागदावर उतरवून मुलाला दाखवली की भागलं. चाचांनी तो कागद माझ्या हातून घेतला, दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत जाड गादी गुंडाळून स्टँडवर निघाले.

"चाचा, कुठे?"

"पांढरकवड्याले. त्या बाईची पाठ लई दुखून राह्यली."

मी चपला अडकवून मागे धावले. सांगायचंच होतं. गादी टपावर चढली, चाचा खिडकीशी बसले, बसण्याआधी बाक दाबलं, माझ्याकडे पाहून हात हलवला. माझ्या तोंडून निघालं ते इतकंच, "पाणी घेतलं का?"

तो दिवस मी खिडकीच्या गजांना धरून काढला. पोळी करपली, दूध उतू गेलं. नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?" मी सांडलेलं दूध पुसत राहिले.

दिवेलागणीला चाचा परतले. हात रिकामे.

"भेटली?" मी विचारलं.

"भेटली." ते आमच्या ओट्यावर टेकले. "सुशीलाबाई कोणी नव्हती तिथं. चार घरं फिरलो. पाचव्या घरी एक म्हातारी होती, जन्मभर कापूस वेचलेली. बारदान्यावर पडली होती. दिली तिलेच." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नाव वेगळं होतं, बाई. पाठ तीच होती."

जाताना आत येऊन त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवला, हलकेच दाबला. विचारलं मात्र काही नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मुलगा आला. चाचाही होते. "काकू, खरं सांगा. किती आले?"

खरं सांगावं तर यंत्र जातं. खोटं सांगावं तर समोर चाचा, आणि त्यांच्या खिशात माझ्या अक्षरातला तो कागद.

"एक," चाचाच म्हणाले. "एकच आलं. बाईले कायले विचारतं? मीच जाऊन आलो."

आठवड्यात यंत्र टेम्पोत चढलं. त्याआधी चाचांनी माझ्यासाठी एक गादी भरली. मी नको म्हटलं तर म्हणाले, "खोळ उकलून पहा पाहिजे तर. रुईच हाये."

पुढे ते दुकानासमोर स्टुलावर बसून राहत. कोणी फोम पाहायला आलं की उठून दाबून दाखवत. एकदा मला म्हणाले, "दाबलं की लगेच वर येते. याले काही ध्यानातच राहत नाही." तिसऱ्या उन्हाळ्यात चाचा गेले आणि ते स्टूलही आत गेलं.

गादी दरवर्षी पिंजून घ्यावी लागते. माझी तेव्हापासून पिंजली नाही. रुईच्या गाठी झाल्या आहेत. दुपारी आडवी झाले की नेमकी एक पाठीत रुतते. नात म्हणते, "फेक आजी, मोबाइलवरून नवीन मागवते." मी उठून बसते आणि तळवा ठेवून दाबून पाहते. खड्डा पडतो. हात काढला तरी तसाच राहतो.