हत्ती आले तेव्हा ती गेली का थांबली

बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून सगळे नदीकाठी उन्हात उभे. पोरगा म्हणाला, "आबांना सांभाळीन." कावळा झाडावरच. लेक म्हणाली, "माहेर तोडणार न्हाय." तरी हलेना. मग मी पुढं झालो. म्हणालो, "त्या पिक्चरचा शेवट बघतो आन् तुला सांगतो." कावळा आला. भुकेनं आला असंल. पण शब्द दिला तो दिला.

नवं लग्न असताना तिला इंदापूरला दुपारच्या खेळाला नेलं होतं. पिक्चर इंग्रजी, जंगलातला. लाकडाच्या ठेकेदाराची नवी बायको नावेतून त्याच्या बंगल्यावर येते. तो उर्मट, तीही वाकत नाही. दोघांचं जमायला लागतं तोवर रानातले हत्ती बिथरतात. कळप बंगल्यावर चाललाय, हा तिला नावेकडं ढकलतोय, ती हात सोडवतेय, आणि दारातनं आमच्या भावकीतला एकजण ओरडला, "दादा, पाटाला पाणी सुटलं! पाळी आपली हाय!"

निम्मं थेटर उठलं. त्या पाटावर सगळ्यांचीच रानं. पाळी चुकली तर पीक वाळतं. आम्हीही उठलो.

वाटेत ती म्हणाली, "अवो, ती गेली असंल का?"

"शाणी असंल तर गेली असंल."

"मी न्हाय गेले."

"तू कुठं शाणी हाय?"

हा वाद जन्मभर चालला. बारामतीच्या दवाखान्यात तिचं बोलणं कमी झालं, तेव्हाही एकदा म्हणाली, "थांबलीच असंल बगा." मी म्हणालो, घरी चल, मग बघू. घरी काही आली नाही.

पिक्चरचं नाव कुणाला ठाऊक? सुनेला म्हणालो, हत्ती, नदी आणि हॅटवाला माणूस, एवढ्यावर शोध. तिनं मोबाइलवर एकेक लावून दाखवले. "ह्यो न्हवं. ह्यात माकडं लई." ती वैतागली, पण मी काय सोडतो? शेवटी सापडला. भाषा तेव्हाही कळली नव्हती, आताही नाही. अडलं काही नाही. शेवट झाला तेव्हा सून डोळे पुसत होती. म्हणालो, "पुन्यांदा लाव." सांगताना चुकायला नको.

तिची राख आमच्याच रानात टाकून वर आंबा लावलाय. वाट उसातनं. उसात बिबट्या दिसलेला.

"आबा, एकट्यानं जायचं न्हाय," पोरगा म्हणाला.

"जाणार."

"मग मोठ्यानं बोलत जावा."

हल्ली आमच्याकडं सगळे तसंच जातात. कुणी आरोळ्या देतं, कुणी मोबाइलवर गाणी लावतं. माणसाची चाहूल लागली की जनावर बाजूला होतं. मी काठी घेतली आणि बांधापासूनच सुरू केलं. नाव आली, बंगला आला. शेजारची खुरपणारी बाई वाकूनच म्हणाली, "तात्या, बिबट्याला गोष्ट सांगताय व्हय?"

"बिबट्याला न्हाय, बायकूला. मधी बोलू नगं."

आंब्यापाशी बसलो. "गेली होती," म्हणालो. "आधी नावेत बसून गेली. तितं मी बरोबर. पण नदीच्या वळणावर तिनं नावाड्याच्या हातनं वल्हं हिसकलं आन् माघारी आली." हत्तींनी बंगला कसा पाडला ते सांगितलं. ठेकेदार पाण्यात पडला, तिनं त्याची कॉलर धरली, इथवर आलो आणि घसा बसला.

मागं उसात काहीतरी खसखसलं. मी उठलो नाही. खाकरलो आणि पुढचं सांगायला लागलो, आणखी मोठ्यानं.