सीट हलत होती, स्टिअरिंग नाही : नागपूर–आमगाव–नागपूर

आधीच सांगते, ही पोस्ट रागात लिहिली आहे. रस्त्याची आणि नागझिऱ्याची माहिती मिळेल, पण राग सोबत घ्यावा लागेल.

माझी धाकटी बहीण वर्षा आमगावला दिलेली. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, तिला नागपूरला आईकडे आणायचं होतं. तिचा नवरा भिलाईला कामाला. रेल्वे आहे, पण डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलेली, म्हणून मी गाडी काढली. ‘मी’ हा शब्द मुद्दाम लिहितेय. माझ्या नवऱ्याला, नितीनला, गाडी चालवता येत नाही. तो गाणी लावतो आणि संत्री सोलतो, दोन्ही छान करतो.

जाताना साकोलीपर्यंत गाडी शंभरलाही शांत. नागझिऱ्यात एक रात्र काढली. ऑक्टोबरात जंगल हिरवंगार असतं, पण गवत वाढलेलं म्हणून जनावरं कमी दिसतात. गाईड म्हणाला, “मॅडम, कालच इथं वाघ बसला होता.” आम्ही पोचतो त्याच्या आदल्या दिवशी वाघ नेहमीच बसलेला असतो. गवे मात्र पोटभर दिसले. जेवण साधं, सगळा खर्च पेट्रोलपेक्षा कमीच.

दुसऱ्या दिवशी आमगाव. वर्षाच्या सासूबाईंनी तांदळाचे आयते केले होते, धिरड्यासारखे पातळ, जाळीदार. मी किती खाल्ले ते विचारू नका. मग निघाली त्यांच्या घरची रीत. माहेरी जाणाऱ्या सुनेनं आधी शेतातल्या देवाच्या पाया पडायचं.

“बांधीतून पायी कायले नेता तिले? गाडी आहे ना!” सासूबाई म्हणाल्या.

मी चपला घालेपर्यंत वर्षाच्या दिरानं किल्ली घेतली होती. ट्रॅक्टर चालवणारा माणूस, त्याला पांदण काय आणि बांधी काय. परतीच्या पावसानं भिजलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, माझी गाडी दरवाजापर्यंत रुतली. ट्रॅक्टरनं ओढून काढली. बिचाऱ्यानं नंतर धुऊन इतकी चकाचक केली, की मला रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सासूबाई म्हणाल्या, “रस्त्यात तिले काही तरास झाला तं वापस आणजा. बाळंतपण इथंच करू.” वर्षानं मान खाली घातली. तिला आईकडे जायचं होतं. गेले दोन महिने फोनवर ती दुसरं काही बोललीच नव्हती.

देवरीपर्यंत रस्ता अरुंद, वेग पन्नासचा, सगळं ठीक. हायवेला लागून ऐंशी गाठली आणि गाडी थरथरायला लागली. साठवर आणली की बंद. पुन्हा ऐंशी, पुन्हा तेच. मागे वर्षानं पोटावर दोन्ही हात ठेवले. “ताई, खालून हलून राहिलं.”

गाडी वळवून देवरीच्या गॅरेजात नेली. मिस्त्रीला सांगितलं, स्टिअरिंग स्थिर आहे, सीट हलतेय. त्यानं नितीनकडे बघितलं. “साहेब, सामनेके चाक का बॅलन्सिंग गया है.”

“गाडी ही चालवते,” नितीन म्हणाला.

“हो साहेब, पण लेडीजले अंदाज नाही येत ना.”

त्यानं पुढची चाकं बॅलन्स केली, पैसे घेतले, आणि ऐंशीला गाडी पुन्हा थरथरली. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. नितीननं भोळेपणानं सगळं सांगून टाकलं. पलीकडून एकच वाक्य, “वापस या.” वर्षा रडायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हळूहळू कोहमाऱ्यापर्यंत गेले आणि टायरवाल्यासमोर उभी राहिले. “मागची चाकं पुढे लावा, पुढची मागे.”

“ऐसा कौन करता है, बाई?”

“मी करून राहिली. जॅक लावा.”

लावला. हायवेवर एक फेरी मारली. आता सीट शांत, आणि स्टिअरिंग हातात थरथरतंय! म्हणजे दोष मागून पुढे आलेल्या चाकांतच. परत येऊन चाक काढायला लावलं आणि रिमच्या आत हात घातला. बांधीचा चिखल एका बाजूला लिंपलेला, रात्रीत वाळून घट्ट झालेला, त्यात धानाच्या लोंब्याही. बाहेरून चकाचक, आतून निम्मी बांधी! पान्यानं खरवडून काढला.

पुन्हा सासूबाईंचा फोन वाजला. नितीननं सवयीनं उचलला, तर वर्षानं त्याच्या हातातून घेतला. “आई, चाकात चिखल होता, काढला. मी माहेरी जाऊन राहिली.” आणि बंद केला. तिच्या तोंडून असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पुढे गाडी ऐंशीलाही शांत, आणि नागपूरपर्यंत ती झोपली.

तुम्ही या भागात फिरणार असाल तर जरूर जा. स्टिअरिंग थरथरलं तर आधी पुढची चाकं बघा, सीट थरथरली तर मागची. बांधीत गेला असाल तर रिमच्या आतूनही धुवा. आणि मिस्त्री नवऱ्याकडे बघून बोलायला लागला, तर गाडी दुसरीकडे न्या.

तो चिखल मला तिथेच फेकायचा होता. वर्षानं त्यातलं ढेकूळ रुमालात बांधून आणलं, देवाच्या शेतातलं म्हणून. आईनं ते गॅलरीतल्या कुंडीत टाकलं. वर्षाला मुलगी झाली तेव्हा कुंडीत धानाची चार पाती वर आली होती. माझा राग अजून गेलेला नाही. कुंडीला पाणी मात्र मीच घालते.